व्यापारी वाक्प्रचारांचे भाषांतर : स्पॅनिशमधून इंग्रजीत

सर्व्हांतेसच्या 'दोन किहोते' या कादंबरीचा दुसरा भाग १६१५ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या बासष्टाव्या प्रकरणात नायक बार्सिलोना शहरातील एका छापखान्यात शिरतो आणि तेथे त्याची एका भाषांतरकाराशी गाठ पडते. हा गृहस्थ इटालियनमधील एक पुस्तक कास्तिलियन भाषेत उतरवून छापून घेत असतो. त्याच्याशी बोलताना दोन किहोते भाषांतराला फ्लेमिश पडद्याच्या उलट्या बाजूची उपमा देतो. भाषांतरमीमांसेत ही उपमा इतक्या वेळा उल्लेखिली गेली आहे, की तिच्या पाठोपाठ येणारा संवाद सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. तो संवाद निव्वळ व्यापाराचा आहे. पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापता की त्याचे हक्क विकून टाकलेत, असे दोन किहोते विचारतो. भाषांतरकाराचे उत्तर असे, की छपाई स्वतःच्याच खर्चाने चालली आहे. पहिल्या आवृत्तीच्या दोन हजार प्रती निघतील, प्रत्येकी सहा रेआल किमतीला त्या हातोहात खपतील आणि निदान एक हजार दुकात नफा होईल. प्रती किती चटकन खपतील हे सांगताना तो गवताच्या काड्यांचा एक बोलीतला वाक्प्रचार वापरतो. मराठीत 'हातोहात' म्हटले की त्या काड्या नाहीशा होतात. परंतु विक्रीचा वेग राहतो आणि बोलणाऱ्याचा फाजील आत्मविश्वासही राहतो. तेव्हा येथे काड्या गेल्याचे दुःख करण्याचे कारण नाही. काय गेले तर दुःख करावे, हा खरा प्रश्न आहे.

भाषांतराच्या चर्चेत कवितेला जे मानाचे पान मिळते ते बाजारातील बोलण्याला मिळत नाही. कवितेतील प्रतिमा दुसऱ्या भाषेत नेता येते की नाही यावर ग्रंथ लिहिले गेले. उधारी, नफा, सौदा, भागीदारी यांविषयीचे वाक्प्रचार मात्र कोश उघडताच उलगडतील असे समजले जाते. वस्तुतः येथील अडचण अधिक सूक्ष्म आहे. बाजारात वाक्प्रचार वापरणारा मनुष्य त्या वाक्प्रचाराने काही तरी करीत असतो. तो उधार नाकारतो, भागीदाराला सावध करतो, फसवणुकीचा दोष कोणाच्या तरी माथी मारतो किंवा स्वतःची पत सांभाळतो. अशा वाक्प्रचारात वर एक चित्र असते आणि त्या चित्राखाली एक व्यवहार असतो. स्पॅनिश वाक्प्रचार इंग्रजीत सहज वाटावा म्हणून भाषांतरकार चित्र बदलतो, आणि ते त्याने अवश्य बदलावे. परंतु चित्राबरोबर व्यवहारही बदलला, तर इंग्रजी कितीही ओघवती असली तरी भाषांतर चुकले असेच म्हणावे लागते.

व्यापार या कल्पनेकडे पाहण्याच्या दृष्टीत या दोन भाषा एकमेकींपासून फार दूर नाहीत. स्पॅनिश 'नेगोसियो' हा शब्द लॅटिन 'नेगोतियुम'वरून आला. त्यातील 'ओतियुम' म्हणजे फुरसत आणि आरंभीचा अवयव नकारार्थी. म्हणजे फुरसतीचा अभाव तो धंदा. इंग्रजी 'बिझनेस' हा शब्दही 'बिझी' या विशेषणापासून घडला आहे. आपल्याकडील 'व्यापार' आणि 'व्यापृत' हे शब्द एकाच संस्कृत धातूचे, आणि व्यापृत म्हणजे कामात गढलेला. तिन्ही ठिकाणी धंद्याला त्याचे नाव माणसाच्या गुंतलेपणावरून मिळाले. मात्र अशा सारखेपणामुळेच भाषांतरकार गाफील होतो. मूळ कल्पना सारख्या, म्हणून म्हणीही एकास एक जुळत असतील, असे त्याला वाटू लागते.

काही म्हणी खरोखरच जुळतात. 'सापातेरो, आ तुस सापातोस', म्हणजे चांभारा, तू आपले जोडे पाहा, या स्पॅनिश म्हणीला इंग्रजीत तयार जोड आहे. तेथे चांभाराने जोड्याच्या लाकडी साच्याला धरून राहावे असे सांगतात. दोहोंचे मूळ एकच आहे. अपेलेस या ग्रीक चित्रकाराने एका चांभाराने दाखवलेली पादत्राणातील चूक मान्य केली. पुढे तोच चांभार चित्रातील पायावरही टीका करू लागला तेव्हा चित्रकाराने त्याला थांबवले, ही थोरल्या प्लिनीने सांगितलेली कथा दोन्ही भाषांनी लॅटिनमधून घेतली. तोट्यातील खात्याला स्पॅनिश मनुष्य 'लाल आकड्यांत' म्हणतो आणि इंग्रज 'लालमध्ये' म्हणतो. येथे दोघांच्या खतावणीतील शाईच एक आहे. हातातला एक पक्षी उडत्या पक्ष्यांपेक्षा बरा, ही म्हणही दोन्हीकडे आहे. फरक इतकाच, की स्पॅनिशमध्ये उडणारे पक्षी शंभर आहेत आणि इंग्रजीत झुडपातले पक्षी दोन. इंग्रजीत शंभर पक्षी उडवण्याचा हट्ट कोणी धरणार नाही. तथापि एखाद्या कादंबरीतील व्यापारी त्या शंभरावरच कोटी करून शंभर टक्के नफ्याची भाषा बोलू लागला, तर तयार इंग्रजी म्हण तत्क्षणी निरुपयोगी होते. तेव्हा जुळणारी म्हणसुद्धा संदर्भ पाहूनच घ्यावी लागते.

खरी परीक्षा होते ती म्हणी जुळल्यासारख्या वाटतात तेथे. अस्वलाची शिकार करण्यापूर्वीच त्याचे कातडे विकणे, असा एक स्पॅनिश वाक्प्रचार आहे. बहुतेक द्वैभाषिक कोश त्यापुढे अंडी फुटण्यापूर्वीच पिले मोजण्याची इंग्रजी म्हण मांडतात. दोन्ही म्हणी उतावळ्या आशेविषयी आहेत यात शंका नाही. परंतु पिले मोजणारा आपल्या अंगणात बसून आपलीच अंडी मोजतो. त्याची आशा फसली तर नुकसान त्याचे एकट्याचे. कातडे विकणाऱ्याने दुसऱ्याला शब्द दिलेला असतो, कदाचित पैसेही घेतलेले असतात. अस्वल निसटले तर त्याची पत जाते आणि गिऱ्हाईक बुडते. एका म्हणीत स्वप्न आहे आणि दुसरीत करार आहे. एखाद्या कादंबरीतील सावकार होतकरू कारखानदाराला हा स्पॅनिश वाक्प्रचार ऐकवतो तेव्हा तो त्याच्या स्वप्नाळूपणाला हसत नाही. हाती नसलेल्या मालाचा सौदा तू केलास, असा आरोप तो त्याच्यावर करतो. पिलांच्या म्हणीत हा आरोप विरून जातो.

मौजेची गोष्ट अशी, की हे अस्वल इंग्रजीतही एके काळी वावरत होते. हाती नसलेले रोखे आज विकावयाचे आणि भाव उतरल्यावर ते स्वस्तात घेऊन भरपाई करावयाची, असा व्यवहार करणाऱ्याला अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये अस्वलाच्या कातड्याचा दलाल म्हणत. त्यावरूनच भाव पडण्यावर पैसा लावणाराला 'बेअर' हे नाव मिळाले, असे कोशकार मानतात. मुंबईच्या शेअरबाजारात त्यालाच मंदीवाला म्हणतात. म्हणजे इंग्रजीने कातड्याची जुनी म्हण मागे टाकली आणि अस्वल तेवढे परिभाषेत ठेवून घेतले. आज ती जुनी म्हण इंग्रजी कादंबरीत घातली तर पुराणवस्तूसारखी दिसेल. अशा ठिकाणी 'सेलिंग व्हॉट यू हॅवन्ट गॉट', म्हणजे हाती नाही ते विकणे, असे साधे वाक्य अधिक उपयोगी पडते. त्यात चित्र नाही; परंतु करार जसाच्या तसा राहतो, आणि इंग्रज व्यापारी हे वाक्य सहज बोलेल.

मराठी वाचकाला या ठिकाणी 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' ही म्हण आठवल्याशिवाय राहणार नाही. ती खास बाजारातली, म्हणून अधिक जवळची वाटते. परंतु नीट पाहिले तर तिच्यातला भट विक्रेता नाही. न घेतलेल्या तुरींवरून तो घरात भांडतो आणि मार खावा लागतो तो भटणीला. अस्वल, पिले आणि तुरी या तिन्ही म्हणी एका कोशात शेजारी शेजारी बसतील. पण त्यांत बुडणारा मनुष्य प्रत्येक वेळी वेगळा आहे.

दोषाची जागा बदलण्याचे याहून स्पष्ट उदाहरण म्हणजे 'दार गातो पोर लिएब्रे', अर्थात ससा म्हणून मांजर देणे. वाटसरूंना सशाच्या नावाखाली मांजराचे मांस वाढणाऱ्या जुन्या खाणावळवाल्यांवरून हा वाक्प्रचार पडला असे मानतात. याला पर्याय म्हणून इंग्रजीतील पोत्यातल्या डुकराची म्हण पुष्कळदा सुचवली जाते. दोन्हीकडे प्राणी आहे, दोन्हीकडे फसवणूक आहे आणि दोन्ही बोलीत रुळलेले आहेत. परंतु इंग्रजी म्हण पोते न उघडता डुक्कर विकत घेणाऱ्याला उद्देशून आहे. तिचा रोख गिऱ्हाइकाच्या निष्काळजीपणावर आहे. स्पॅनिश वाक्प्रचाराचा रोख विक्रेत्याच्या लबाडीवर आहे. एकाच्या जागी दुसरा घालणे म्हणजे फिर्यादीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे होय. हलक्या प्रतीचे कापड घेऊन फसलेली विधवा स्पॅनिश कथेत दुकानदाराला शिव्या देत असते. डुकराची म्हण घातलेल्या भाषांतरात ती स्वतःच्या मूर्खपणाची कबुली देऊ लागते. इंग्रजीत एक वस्तू दुसरी म्हणून खपवणे या अर्थी 'पास ऑफ' हे साधे क्रियापद आहे. त्यात दोष विक्रेत्याकडेच राहतो. मराठीत 'टोपी घालणे' म्हटले की टोपी घालणारा कोण आणि घालून घेणारा कोण याविषयी संशय उरत नाही.

कधी एकाच स्पॅनिश वाक्प्रचाराला दोन इंग्रजी पर्याय लागतात. 'आसेर सु आगोस्तो', म्हणजे आपला ऑगस्ट साधणे, याचा अर्थ संधी साधून भरपूर कमाई करणे. ऑगस्ट हा कास्तीयेतील सुगीचा महिना. धान्य कोठारात येण्याच्या त्या दिवसांवरून हा वाक्प्रचार आला. ब्वेनोस आयरेस किंवा सान्तियागो येथे ऑगस्ट ऐन हिवाळ्यात येतो. तरीही तेथील दुकानदार आपला ऑगस्ट साधतोच. यावरून त्या भाषेत महिन्याचे चित्र किती फिकट झाले आहे हे कळते. इंग्रजीत ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्यावे अशी शेतीतलीच एक म्हण आहे आणि भाषांतरकाराला तिचा मोह पडतो. पण ती श्रमाचा उपदेश करते. ऑगस्ट साधणाऱ्याची कमाई झालेली असते आणि तिच्याकडे पाहणाऱ्याच्या स्वरात पुष्कळदा किंचित असूया किंवा नापसंती असते. अवचित पावसात छत्र्या विकणाऱ्याने आपला ऑगस्ट साधला, तर इंग्रजीत 'रोअरिंग ट्रेड' म्हणजे तडाखेबंद विक्री म्हणणे योग्य. टंचाईच्या काळात साठेबाजाने तो साधला तर 'मेक अ किलिंग' म्हणणे योग्य, कारण त्या शब्दांत दुसऱ्याच्या गरजेवर मारलेला डल्ला सूचित होतो. मूळात शब्द एकच आहेत. त्यांचा कडवटपणा माणसावरून ठरतो. मराठीत 'उखळ पांढरे होणे' या वाक्प्रचारात धान्यही आहे, समृद्धीही आहे आणि बघणाऱ्याची तिरकी नजरही आहे. स्पॅनिश ऑगस्टला यापेक्षा जवळचे भावंड शोधून सापडणार नाही.

काही वाक्प्रचारांना जोडच नसते. 'क्वेस्ता दे एनेरो', म्हणजे जानेवारीचा चढ, हा त्यांपैकी एक. नाताळ, नवे वर्ष आणि ६ जानेवारीचा तीन राजांचा सण, त्या दिवशी मुलांना द्यावयाच्या भेटी, हे सारे उरकेपर्यंत स्पॅनिश कुटुंबाचा खिसा रिकामा होतो आणि उरलेला महिना डोंगर चढल्यासारखा जातो. दुकानदाराच्या दृष्टीने हा गिऱ्हाइकांच्या ओढीचा काळ. इंग्रजीत या काळाला रूढ झालेला एखादा वाक्प्रचार नाही. येथे नवा वाक्प्रचार बनवून घुसडण्यापेक्षा सणानंतरचे जानेवारीतील ओढगस्तीचे दिवस, असे सरळ सांगणे बरे. त्यात महिना राहतो, कारणही राहते. मराठी नोकरदाराची ओढाताण महिनाअखेरीची असते, वर्षारंभीची नसते. म्हणून मराठीतही चढ शब्दशः ठेवून सणाचा उल्लेख जोडावा लागतो.

शब्दाच्या अनेकार्थामुळे पडणारे सापळे निराळेच. चांगल्या देणेकऱ्याला तारण ठेवताना दुःख होत नाही, अशा आशयाची एक जुनी स्पॅनिश म्हण आहे. तिच्यातला देणेकरी म्हणजे 'पागादोर'. हा शब्द मराठी कानाला ओळखीचा वाटावा. पोर्तुगीजमधून आलेला आपला 'पगार' त्याच कुळातला आहे, आणि 'लिलाव' हाही पोर्तुगीजांचीच देणगी. त्याच म्हणीतील 'प्रेंदा' या शब्दाचे मात्र अर्थ अनेक : तारण, अंगावरचा कपडा, अंगचा गुण, आणि लाडके माणूस. म्हणीचा आखूड अवशेष आजच्या स्पॅनिशमध्ये चालू आहे. प्रतिस्पर्ध्याचा माल चांगला आहे हे सांगताना अमक्याला 'प्रेंदा' दुखत नाहीत, असे म्हणतात. म्हणजे तो ते मोकळेपणाने कबूल करतो. ज्या भाषांतरकाराला मागचे तारण ठाऊक नाही तो येथे कपडे किंवा गुण शोधीत बसतो. तसेच 'नेगोसियो रेदोंदो', म्हणजे गोल धंदा, यातील गोलाईचा इंग्रजी आकाराशी संबंध नाही; कोठेही कोपरा किंवा उणीव न राहिलेला, सर्व बाजूंनी लाभाचा सौदा, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय स्पॅनिश ही एकाच देशाची भाषा नव्हे. लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत पैशाला 'प्लाता' म्हणजे चांदी म्हणतात, आणि मेक्सिकोच्या बोलीत 'लाना' म्हणजे लोकर म्हणतात. 'चांदी झाली' असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला पहिले चटकन समजेल. लोकर ऐकून मात्र त्यालाही थांबावे लागेल.

म्हणींतील यमक ही आणखी एक अडचण. 'एल के पार्ते इ रेपार्ते, से येवा ला मेहोर पार्ते', म्हणजे जो तोडतो आणि वाटतो तो उत्तम वाटा उचलतो, ही भागीदारांच्या भांडणातली आवडती म्हण. तिचा जोर तीन वेळा वाजणाऱ्या 'पार्ते'मध्ये आहे. इंग्रजीत अर्थ सांगता येतो, टाळी वाजत नाही. मराठीत 'तळे राखील तो पाणी चाखील' हे ती टाळी वाजवते. 'पोर दिनेरो बाइला एल पेर्रो', म्हणजे पैशासाठी कुत्रा नाचतो, याच्या तोडीला इंग्रजीत पैशाने घोडी चालते असे म्हणतात. तेथे यमकाऐवजी 'मनी' आणि 'मेअर' यांचा अनुप्रास आहे. मराठीत प्राणी मुळीच नाही. 'दाम करी काम' एवढ्यात सारे आटोपते. अशा म्हणींत नाद हाच पुराव्यासारखा वापरला जातो. यमक जुळले म्हणजे गोष्ट खरी, असा बोलणाऱ्याचा आविर्भाव असतो. तेव्हा नाद सर्वस्वी गमावलेली म्हण तर्काला धरून राहिली तरी वादात हरते. पात्र वाद जिंकते आहे असे कथेत असेल, तर भाषांतरकाराने इंग्रजी वाक्याला निदान लय द्यावी.

सहजतेचा आणखी एक पैलू येथे लक्षात घेतला पाहिजे. स्पॅनिश संभाषणात म्हण जितक्या मोकळेपणाने येते तितकी ती आजच्या इंग्रजीत येत नाही. शिकलेला स्पॅनिश व्यापारीही वाटाघाटीत म्हण वापरील. त्याचा इंग्रज समव्यवसायी एका बैठकीत चार म्हणी बोलला तर तो खेडवळ किंवा विनोदी ठरेल. म्हणून प्रत्येक म्हणीला म्हण देणारा भाषांतरकार पात्राची सामाजिक पातळीच बदलून टाकतो. सांचो पांझाच्या बाबतीत हा धोका नाही, कारण म्हणींची माळ लावणे हाच त्याचा स्वभाव आहे आणि त्यावरून त्याचा धनीही त्याला रागावतो. तरी तेथेही इंग्रजी भाषांतरकारांचे मार्ग भिन्न झाले. थॉमस शेल्टनने १६१२ साली पहिल्या भागाचे भाषांतर प्रसिद्ध केले. त्याचा कल मुळातल्या शब्दाला धरून राहण्याकडे आहे. पुढे १७०० च्या सुमारास पीटर मोट्यूचे भाषांतर आले. हा फ्रान्समधून इंग्लंडात आलेला लेखक उत्तरायुष्यात लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर पौर्वात्य मालाचे दुकान चालवीत असे. त्याने मूळ ग्रंथाला लंडनच्या रस्त्यावरील विनोदाचा पेहराव चढवला. वाचकांनी त्याचे भाषांतर दीर्घकाळ आवडीने वाचले. परंतु १८८५ साली आपले भाषांतर प्रसिद्ध करणाऱ्या जॉन ऑर्म्सबीने त्या सहजतेवर कठोर टीका केली आणि स्वतःच्या ग्रंथाला 'दोन किहोते'तील म्हणींची स्वतंत्र सूची जोडली. मोट्यूचा माल अधिक खपाऊ होता यात संशय नाही. ऑर्म्सबीचा प्रश्न एवढाच होता, की तो माल सर्व्हांतेसचा होता काय.

या सर्व उदाहरणांतून भाषांतरकाराने स्वतःला विचारावयाचे तीन प्रश्न निघतात. बोलणारा व्यवहाराच्या कोणत्या बाजूला उभा आहे, घेणाऱ्याच्या की देणाऱ्याच्या? तोटा कोणाचा आणि दोष कोणाचा? आणि बोलणे किती गंभीर आहे, थट्टेचे, कराराचे की धमकीचे? या तिहींची उत्तरे न बदलता इंग्रजीत तयार वाक्प्रचार मिळाला तर तो घ्यावा. न मिळाल्यास साधे क्रियापद, साधे वाक्य घ्यावे. साधे वाक्य म्हणजे भाषांतरकाराची हार नव्हे. इंग्रजी व्यापारी भाषेचा जोर पुष्कळदा तशाच वाक्यांत असतो.

मूळ शब्द तसाच ठेवला म्हणजे आपण निर्दोष राहिलो, अशीही एक समजूत असते. स्पेनमधील दुकानांत आणि मद्यगृहांत 'ओइ नो से फिआ, मान्याना सी', म्हणजे आज उधार नाही, उद्या मिळेल, अशी पाटी आढळते. महाराष्ट्रात 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी ज्याने पाहिली नाही असा मनुष्य विरळा. हजारो मैलांच्या अंतरावर दोन दुकानदारांनी एकच युक्ती योजली, कारण पाटी उद्याही तेच सांगणार असते. या पाटीतील 'मान्याना' हा शब्द इंग्रजीने उसना घेतला आहे; पण तेथे तो स्पॅनिश माणसाच्या कथित आळसाचे बोधचिन्ह होऊन बसला आहे. आळसाची ती थट्टा स्पॅनिशमध्येही आहे. मारियानो होसे दे लार्राने १८३३ साली लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध लेखात, भांडवल गुंतवण्यासाठी माद्रिदला आलेल्या एका फ्रेंच गृहस्थाला दारोदारी 'उद्या या' हेच उत्तर मिळते. पंधरा दिवसांत कामे उरकू पाहणारा तो गृहस्थ सहा महिन्यांनी कंटाळून परत जातो. कचेरीतला 'उद्या' आळसाचा आहे आणि दुकानातला 'उद्या' चतुराईचा. पाटीचे भाषांतर करताना 'मान्याना' तसाच ठेवला, तर इंग्रज वाचकाला हुशार दुकानदाराच्या जागी सुस्त दुकानदार दिसेल. 'नो क्रेडिट टुडे. ट्राय टुमॉरो' असे चार-पाच सरळ शब्द ठेवले तर नकारही पोचतो आणि मिस्किलपणाही. एवढेच नव्हे, तर स्पॅनिश 'फिआर' या क्रियापदात विश्वास टाकण्याचा जो अर्थ आहे तोही सुटत नाही. कारण 'क्रेडिट' हा शब्दही विश्वास ठेवण्याच्या लॅटिन क्रियापदापासूनच निघाला आहे.

स्पॅनिश आणि इंग्रजी यांच्यातील हा व्यवहार भारतीय लेखकांना दूरचा वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाही. दिल्ली, हैदराबाद येथील विद्यापीठांत स्पॅनिशचे अध्यापन होते आणि मुळावरून भाषांतर करणारे अभ्यासक तयार होत आहेत. तरीही भारतीय भाषांत आलेले स्पॅनिश साहित्य बव्हंशी इंग्रजीच्या वाटेने आलेले आहे. मराठीत दोन किहोते पिढ्यान्‌पिढ्या 'डॉन क्विक्झोट' म्हणून ओळखला जातो, हे नावसुद्धा त्या वाटेची साक्ष देते. म्हणजे स्पॅनिशचा इंग्रजी भाषांतरकार नकळत दुसऱ्या एका भाषांतरकारासाठी लिहीत असतो. त्याने डुक्कर पोत्यात घातले, तर फसलेल्या विधवेवरचा दोष मराठीत, बंगालीत, तमिळमध्ये तसाच येऊन पोचतो. मुळात तो दुकानदारावर होता हे कळण्याचा मार्गच उरत नाही. त्याने 'किलिंग' लिहिले की मराठी भाषांतरकार शिकारीचे शब्द शोधू लागतो, आणि हाताशी असलेले पांढरे उखळ तसेच राहते. चोख हिशेबाने मैत्री टिकते, या अर्थाची 'क्वेंतास क्लारास, आमिस्तादेस लार्गास' ही स्पॅनिश म्हण घ्या. हिंदीतील 'हिसाब जौ-जौ, बख्शीश सौ-सौ' तिच्या शेजारी शोभून दिसते. पण मधल्या इंग्रजीत तिचे 'लेट्स बी क्लिअर' एवढेच उरले, तर हिंदी भाषांतरकाराला आपल्या घरची म्हण आठवावी तरी कशी? अनेकदा स्पॅनिश बाजार आणि भारतीय बाजार एकमेकांना चांगले ओळखतात. त्यांची भेट मात्र मधल्या दुभाष्याच्या मर्जीवर अवलंबून राहते.

तेव्हा इंग्रजीच्या आधाराने भाषांतर करणाऱ्याने निदान पैशाच्या व्यवहाराचे प्रसंग येतील तेथे तरी मूळ पुस्तक जवळ ठेवून, स्पॅनिश जाणणाऱ्याच्या साहाय्याने, तो वाक्प्रचार पाहून घ्यावा. हे काम मोठे नाही. एखाद्या कादंबरीत अशा जागा मोजक्याच असतात. पण कोण कोणाचे देणे लागतो हे तेथेच ठरते, आणि माणसांची नाती पुष्कळदा त्यावरच उभी असतात.

बार्सिलोनाच्या छापखान्यातील भाषांतरकाराकडे शेवटी एकदा पुन्हा पाहिले पाहिजे. दोन हजार प्रती, प्रत्येकी सहा रेआल, म्हणजे एकंदर विक्री बारा हजार रेआल. एक रेआल म्हणजे चौतीस मारावेदी आणि एक दुकात म्हणजे तीनशे पंचाहत्तर मारावेदी हा त्या काळचा दर धरला, तर सर्वच्या सर्व प्रती खपल्या तरी हाती येणारी रक्कम सुमारे १०८८ दुकात भरते. त्यातून निदान एक हजार नफा धरावयाचा, तर कागद, छपाई आणि विक्रेत्याची दलाली यांसाठी नव्वद दुकातसुद्धा उरत नाहीत. त्या गृहस्थाने उत्पन्न मोजले आणि खर्च मोजायचे विसरला; अस्वल रानात असतानाच त्याने कातड्याची किंमत लावली. दोन किहोते त्याला छापखानेवाल्यांच्या हिशेबांविषयी सावध करतो, ते उगाच नव्हे. भाषांतराचाही हिशेब असाच आहे. इंग्रजी ओघवती झाली हे उत्पन्न सर्वांना दिसते. त्यासाठी मुळातील कोणाचे देणे बुडाले, हा खर्चाचा आकडा ज्याचा त्याने वहीत मांडावयाचा असतो.